उपनगराचा इतिहास माळ्यावर असतो : स्थानिक इतिहास मंडळ उभं करायचं तर

जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की शेवटच्या पंधरवड्यात एक ठरलेलं चित्र दिसतं. जिन्यात ट्रंका, खाली टेम्पो, फाटकाशी भंगारवाला. कपाटं आणि भांडी भाड्याच्या घरी जातात. माळ्यावरचं गाठोडं मात्र न सोडताच रद्दीत जातं. त्या गाठोड्यात सोसायटीच्या पहिल्या सभेचं इतिवृत्त असतं, गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावत्या असतात, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो असतो आणि आजोबांनी ठेवलेला बांधकामाचा जमाखर्चही असतो. किल्ल्यांना आणि लेण्यांना वाली आहेत, निदान कागदावर तरी. उपनगराच्या या गाठोड्यांना कोणीच नाही. म्हणून हा लेख.

आम्ही सात-आठ जण मुंबईच्या पार्ल्यात हे काम करतो. उदाहरणं बहुतेक तिथली आणि आसपासच्या साष्टीतली, म्हणजे ज्या बेटावर मुंबईची उपनगरं वसली त्या बेटावरची आहेत. डोंबिवली, मुलुंड, ठाणे किंवा पुण्याजवळच्या एखाद्या उपनगरात राहणाऱ्यांना तपशील बदलावे लागतील, काम करण्याची रीत तीच राहील.

आधी हद्द ठरवा, पण ती अरुंद करू नका

पहिल्याच बैठकीत एक नकाशा पुढ्यात घ्या आणि आपण कुठून कुठपर्यंत काम करणार ते पेन्सिलीने आखा. दोन स्टेशनांच्या मधला पट्टा पुरतो. सगळी मुंबई कवेत घ्यायला निघालेली मंडळं वर्षभरात दमतात.

जागेइतकीच काळाची हद्दही महत्त्वाची, आणि चूक बहुधा इथेच होते. पार्ल्याचा इतिहास म्हटलं की आपण १९२१ च्या पार्ले टिळक विद्यालयापासून सुरू करतो. मग १९२३ चा लोकमान्य सेवा संघ, १९२९ चा पार्ले कंपनीचा कारखाना, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातली जमनालाल बजाजांची छावणी. हे सगळं अभिमानाचं आहे आणि जपायलाच हवं. पण १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीतली माणसं मोकळ्या हवेच्या शोधात उत्तरेकडे सरकू लागली, तेव्हा इथे रान नव्हतं. गावठाणं होती, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या, वाड्या होत्या, कोळी, आगरी, भंडारी आणि आदिवासी पाडे होते. १७३७-३९ पर्यंत साष्टी पोर्तुगीजांकडे होती, नंतर मराठ्यांकडे आली, १७७४ मध्ये इंग्रजांनी ती घेतली. हे सगळं पाहणारी घराणी आजही गावठाणात राहतात. दुसऱ्या टोकाला, कारखान्यात कामाला आलेली, झोपडपट्टीत राहिलेली, नंतर इमारतीत गेलेली माणसंही आहेत. मंडळात या सगळ्यांपैकी कोणीतरी नसेल, तर तुमच्या हाती उपनगराचा नव्हे, एका आळीचा इतिहास येईल. गावठाणातल्या एका तरी माणसाला पहिल्या बैठकीला बोलवा. नुसतं माहिती सांगायला नको, निर्णय घ्यायला बोलवा.

नोंदणी कधी करायची

लोक इथूनच सुरुवात करतात आणि इथेच अडकतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंद होते, आणि त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून सादर करण्याची जबाबदारी येते. माझं स्पष्ट मत असं : पहिलं वर्ष नोंदणीविना काढा. छायाचित्रं टिपा, मुलाखती घ्या, लोकांचे कागद स्कॅन करून परत द्या. त्याला नोंदणी लागत नाही. पैसे किंवा मूळ वस्तू स्वीकारायची वेळ आली की मात्र नोंदणीशिवाय एक पाऊलही टाकू नका. कोणाच्या तरी घरच्या बेडरूममध्ये 'मंडळाच्या' वस्तू ठेवल्या आणि तो माणूस गेला, की त्या त्याच्या वारसांच्या होतात. मग कोणाचा इलाज चालत नाही.

नियमावलीत एक कलम आठवणीने घाला : मंडळ बंद पडलं तर संग्रह कोणत्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला जाईल. त्या संस्थेशी आधीच बोलून ठेवा.

घर रिकामं होण्याआधी पोहोचा

सगळ्या कामांत हे काम घाईचं. बाकीचं दोन वर्षांनी केलं तरी चालेल, हे नाही.

आपल्या हद्दीतल्या पुनर्विकासाला निघालेल्या इमारतींची यादी करा. त्यासाठी कार्यालयात जायची गरज नाही. इस्त्रीवाला, पेपरवाला आणि इस्टेट एजंट यांना सगळं ठाऊक असतं. यादी झाली की प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरींना एक पानी पत्र द्या, मराठीत आणि तिथे बोलल्या जाणाऱ्या भाषेत. पत्रात तीनच गोष्टी लिहा : घर आवरताना जुने कागद-फोटो टाकण्याआधी आम्हाला दाखवा, आम्ही येऊन पाहू, तुम्हाला हवं ते तुमच्याकडेच राहील. खाली दोन फोन नंबर.

एकदा आम्ही एका इमारतीत सोमवारी पोहोचलो. रविवारी सकाळी सगळं उचललं गेलं होतं. तळमजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, "अहो, चार पोती कागद होते, किलोवर गेले." तेव्हापासून आम्ही सेक्रेटरींबरोबर भंगारवाल्याशीही बोलून ठेवतो. रद्दीच्या भावापेक्षा थोडे जास्त पैसे दिले तर तो गाठोडं बाजूला ठेवतो. आमच्याकडे आलेल्या चांगल्या वस्तूंपैकी बऱ्याच त्याच्या हातगाडीवरून आल्या आहेत.

इमारत पडण्याआधी तिचे फोटो काढायचे तर असे काढा : चारी बाजू, प्रवेशद्वार, जिना, कठडा, एका घरातलं स्वयंपाकघर, मोरी, गच्ची. फाटकावरचं घराचं नाव चुकवू नका. मग खाली वाका. लादीच्या मागच्या बाजूला कधी कधी कंपनीचं नाव असतं. १९२२ मध्ये सुरू झालेल्या भारत टाइल्सच्या स्वदेशी लाद्या मुंबईतल्या कितीतरी घरांत आहेत. छपरावरच्या मंगलोरी कौलावर कारखान्याचा छाप असतो. एक कौल आणि एक लादी उतरवून घ्या, आणि ती कुठल्या घराच्या कुठल्या खोलीतली हे तिथल्या तिथे लिहा. न लिहिलेलं कौल म्हणजे नुसतं कौल.

गाठोडं हाती आलं की

पहिला नियम : क्रम मोडू नका. आमच्याकडे आलेला एक अल्बम एका उत्साही सभासदाने विषयवार लावला, लग्नं एकीकडे, शाळा दुसरीकडे. काम मनापासून केलं होतं. पण तो अल्बम लावणाऱ्या बाईंनी एका कुटुंबाची वीस वर्षं त्या क्रमात मांडली होती, आणि ती परत जुळवता आली नाहीत. म्हणून आधी जसं आहे तसं पानापानाचं छायाचित्र घ्या, मगच हात लावा.

दुसरा नियम : वस्तू आली त्याच दिवशी नोंदवही भरा. जाड पुठ्ठ्याची, पानांना छापील क्रमांक असलेली वही घ्या. संगणकावरची यादी नंतर करा. नोंदीत हवं ते इतकं : कोणी दिलं, त्यांच्याकडे ते कुठून आलं, कुठल्या घरात होतं, किती नग, कुठल्या अवस्थेत, दान दिलं की फक्त स्कॅनसाठी. क्रमांकाची सोपी पद्धत अशी : वर्ष, त्या वर्षातलं कितवं दान, त्यातला कितवा नग. २०२५.१७.३ म्हणजे २०२५ सालच्या सतराव्या दानातला तिसरा नग. हा क्रमांक फोटोच्या पाठीवर कडेला मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहा. बॉलपेन नको, स्टिकर नको. चकचकीत प्लास्टिक लेपाच्या फोटोवर पेन्सिल उठत नाही, तिथे क्रमांक पाकिटावर घाला.

दान घेताना एक पानी दाननाम्यावर सही घ्या. त्यात प्रदर्शनाला आणि प्रकाशनाला परवानगी आहे का हे वेगळं विचारा. पत्रांच्या बाबतीत एक बारकावा लक्षात ठेवा : पत्र ज्याला आलं त्याच्या मालकीचा कागद असतो, पण त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांचा. खासगी पत्रं छापण्याआधी दोन्हीकडे विचारा.

आणि सगळं घेऊ नका. छापील कॅलेंडरं, शहरातल्या कुठल्याही ग्रंथालयात मिळतील अशी पुस्तकं, दिवाळी अंकांचे गठ्ठे यांना नम्रपणे नकार द्या. जे दुसरीकडे कुठेच नसेल तेच घ्या. सोसायटीची इतिवृत्तं, दुकानाच्या वह्या, मंडळांचे अहवाल, वर्गाचे फोटो, लग्नपत्रिका, हस्तलिखित अंक, घरांचे नकाशे.

तारीख कशी लावायची

मला या कामातला सर्वांत आवडता भाग हा. बहुतेक कागदांवर साल नसतं, पण कागद स्वतःच बोलतो.

पावतीवर आणे-पै असतील तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या मधली. लेटरहेडवर नुसतं 'मुंबई ५७' असेल तर ते पिनकोडच्या आधीचं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आले आणि त्याच ५७ चं ४०० ०५७ झालं. जुनी लेटरहेडं लोक संपेपर्यंत वापरतात, त्यामुळे दोन-तीन वर्षं मागेपुढे धरा. पत्त्यात 'बी. बी. अँड सी. आय. रेल्वे' असेल तर कागद बहुतेक नोव्हेंबर १९५१ पूर्वीचा, कारण तेव्हा पश्चिम रेल्वे स्थापन झाली. स्टेशनच्या फोटोत रुळांवर विजेच्या तारा दिसत नसतील, तर बोरिवलीपर्यंतच्या पट्ट्यात तो जानेवारी १९२८ च्या आधीचा, कारण त्या महिन्यात इथे विजेच्या गाड्या सुरू झाल्या.

माणसांच्या आठवणींनाही असेच खुंट असतात. कोणाला साल विचारलं तर "खूप जुनं" एवढंच हाती येतं. "गोदीतला स्फोट झाला तेव्हा तुमचे वडील इथे राहायला आले होते का?" असं विचारलं की एप्रिल १९४४ च्या अलीकडचं की पलीकडचं ते लगेच कळतं. मे १९६० चा महाराष्ट्राचा मंगल कलश, १९७१ च्या युद्धातला ब्लॅकआऊट, १९८२ चा गिरणी संप, २६ जुलैचा पूर हे असेच खुंट. तुमच्या उपनगराचे खास खुंट वेगळे असतील, पूल कधी झाला, पहिलं थिएटर कधी पडलं. त्यांची एक यादी करून मुलाखतीला जाताना खिशात ठेवा.

लावलेल्या तारखेपुढे ती कशावरून लावली तेही लिहायला विसरू नका. 'अंदाजे १९५५, आण्यांवरून' असं लिहिलं की पुढच्याला तपासता येतं.

दमट हवेत कागद टिकवणं

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तळमजल्यावरचे किती कागद त्या रात्री गेले याची मोजदाद नाही. म्हणून संग्रह तळमजल्यावर ठेवू नका. वरच्या मजल्यावरही भिंतीला न टेकवता, जमिनीपासून वीतभर उंच, लोखंडी मांडणीवर ठेवा. बाहेरची भिंत आणि न्हाणीघराची भिंत टाळा.

महागडी यंत्रणा नसली तरी बरंच करता येतं. कागद आम्लविरहित फोल्डरमध्ये, फोटो एकेका पाकिटात. पीव्हीसीचे चिकट प्लास्टिक अल्बम नकोत, पॉलिस्टरची पाकिटं चालतात. लॅमिनेशन तर नकोच नको. लॅमिनेट केलेला दस्त परत मोकळा होत नाही. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावणंही तितकंच वाईट, त्याचा पिवळा डाग कायमचा राहतो. रबरबँड, टाचण्या आणि गंजकी स्टेपल काढून पांढऱ्या सुती नाडीने सैल बांधा. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा सगळे खोके उघडून पाहा. वाळवीची माती, कसरीची भोकं, बुरशीचा वास. बुरशी लागलेला खोका लगेच बाकीच्यांपासून दूर करा आणि मास्क लावल्याशिवाय झटकू नका.

कागद भिजलेच तर उन्हात घालू नका, ते वाकडेतिकडे होतात आणि शाई उडते. पंख्याखाली, टीपकागदावर सुटे पसरा. दोन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे गठ्ठा मोठा असेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा आणि जाणकाराला गाठेपर्यंत वेळ मिळवा. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका.

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात. कागद ३०० ते ४०० डीपीआयला, पोस्टकार्डाएवढे फोटो ६०० ला, मूळ फाइल टिफमध्ये. फोटोची पाठही स्कॅन करा, बऱ्याचदा स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो म्हणजे फोटोची सावली, मूळ मागून घ्या.

मुलाखती

वय वाट पाहत नाही, म्हणून हे काम इमारतींइतकंच निकडीचं. दोघांनी जा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने यंत्र आणि वेळ पाहायची. पंखा आणि टीव्ही बंद करायची विनंती करा. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये घ्या, आणि सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि नावं मोठ्याने म्हणा. संमती लेखी घ्या. सांगणाऱ्याला एखादा भाग काही वर्षं बंद ठेवायचा असेल तर तसं लिहून द्या आणि पाळा.

"पूर्वीचं पार्लं कसं होतं?" असं विचारलं की "फार छान होतं, शांत होतं" इथेच बोलणं थांबतं. त्याऐवजी विचारा : पाणी कुठून यायचं आणि किती वाजता? स्टेशनवरून घरी यायची वाट सांगा, डाव्या हाताला काय लागायचं? आरेच्या केंद्रावर रांगेत कोण उभं राहायचं? पहिला फोन कोणाकडे आला आणि निरोप कोण पोहोचवायचं? मयताचं सामान कुठे मिळायचं? वाटेचा प्रश्न तर जादू करतो. माणूस डोळे मिटून चालायला लागतो, आणि बुजलेली विहीर, तोडलेला पिंपळ, दगडी बाक एकेक करून उभे राहतात. मुलाखतीनंतर जमलं तर तीच वाट त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष चाला.

बायकांच्या मुलाखती वेगळ्या घ्या, घरातले पुरुष समोर नसताना. आजोबा संस्थांची नावं सांगतात, आजी भाडं किती होतं आणि ते कसं पुरवलं ते सांगते. दोन्ही हवं.

दप्तरखान्यात

इथे एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली झाला. त्याआधी साष्टी हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता. म्हणून पार्ले, कुर्ला, मालाड यांचा जुना इतिहास मुंबईच्या नव्हे, ठाण्याच्या नोंदींत शोधायचा. १८८२ साली निघालेल्या ठाणे गॅझेटियरच्या तेराव्या आणि चौदाव्या खंडापासून सुरुवात करा. अंधेरीपर्यंतचा भाग १९५० साली आणि दहिसर-मुलुंडपर्यंतचा १९५७ साली मुंबई महापालिकेत आला. त्याआधीचे कागद तेव्हाच्या स्थानिक नगरपालिकांचे असतात.

राज्याच्या पुराभिलेख विभागाचं मुंबईतलं अभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, आणि त्याची सुरुवात १८२१ ची. जाताना नेमकं काय हवं ते लिहून न्या. गावाचं नाव, सालांचा टप्पा, खातं. 'पार्ल्याचं काहीही' असं मागितलं तर काहीही मिळत नाही. जमिनीसाठी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि फेरफार काढा. १९१५ च्या नगररचना कायद्याखाली आखलेल्या योजनांचे नकाशे मिळाले तर रस्ते सरळ का आहेत आणि गावठाणात येऊन वाकडे का होतात ते एका नजरेत कळतं. जुने दस्त मोडीत असतील, तर एका तरुण सभासदाला मोडीच्या वर्गाला घाला. मंडळाचा सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च तो.

शेंदूर लावलेले दगड

साष्टीत कधी एखादा कोरीव दगड कुंपणाशी उभा दिसतो. गधेगळ असेल, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप कोरलेला दगड, किंवा वीरगळ असेल, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचं स्मारक. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ तर प्रसिद्धच आहेत, त्यांवर नौकांची लढाई कोरलेली आहे. असा दगड सापडला की तो हलवू नका. जागेवरून उचलला की त्याचं निम्मं सांगणं संपलं. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ किंवा रंग चोळू नका. संध्याकाळी अंधार पडल्यावर बाजूने तिरपी बॅटरी धरा, अक्षरं आपोआप वर येतात. मग फोटो, मापं, नकाशावर जागा आणि पुरातत्त्व विभागाला कळवणं. लोक त्याची पूजा करत असतील तर त्यांच्याशी बसून बोला, शेंदूर खरवडायला जाऊ नका. पूजेमुळेच तो दगड आजवर राहिला आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी शिल्पं आणि नाणी, तसंच ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं ही पुरावस्तू ठरतात. अशी वस्तू दानात आली तर नोंदणीचं विचारूनच स्वीकारा.

लोकांपुढे ठेवा

मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, पण उपनगरातली साधी बंगली किंवा चाळ त्या यादीत येण्याची शक्यता कमी. अर्ज जरूर करा, पण त्यावर सगळी शक्ती घालवू नका. त्यापेक्षा वर्षातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन लावा.

आमचं जमलेलं प्रदर्शन बिननावाच्या फोटोंचं होतं. चाळीस फोटो मोठ्या प्रती काढून लावले, प्रत्येकाखाली कोरी चिठ्ठी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. दुसऱ्या दिवशी एक बाई १९५०-५५ च्या सुमाराच्या एका वर्गाच्या फोटोसमोर खुर्ची मागून बसल्या. मागच्या रांगेतल्या डावीकडून सुरू करून त्यांनी तेवीस नावं लिहिली. दोन मुलींपुढे फक्त टोपणनावं, एका मुलापुढे 'नंतर शाळेत आला नाही'. चिठ्ठी पुरली नाही म्हणून आम्ही दुसरी दिली.

तुम्ही असं प्रदर्शन लावाल तेव्हा चिठ्ठ्या त्याच रात्री उतरवून घ्या. नाव, फोटोचा क्रमांक, ओळखणाऱ्याचं नाव आणि तारीख. दोघांनी वेगळी नावं सांगितली असतील तर दोन्ही लिहा. आणि प्रदर्शन संपल्यावर त्या बाईंच्या घरी फोटोची एक प्रत नेऊन द्या, जाताना रेकॉर्डर बरोबर ठेवा.